क्रायोनंतर पाचव्या दिवशी डोळा जास्त दुखायला लागला : पडद्याची फट गोठवून घेतलेल्यांनी बोला

पाटीपुस्तक
मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. पांढरकवड्यापासून पंधरा किलोमीटर आत, एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. वय ३८. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ९, डाव्याचा उणे ८, चष्मा तिसरीत असल्यापासून. मी सांगते आहे आणि आमचे हे टाईप करून राहिले आहेत, कारण मोबाईलचा उजेड मला सहन होत नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी लेकाच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी सजवत बसले होते. शिंगांना बेगड चिकटवता चिकटवता उजव्या कोपऱ्यात वीज चमकली. पाऊस आला वाटून दोरीवरचे कपडे काढायला उठले, तर अमावास्येचं आभाळ चांदण्यांनी भरलेलं. आत आले, पुन्हा चमकली. डोळे मिटले तरी चमकली. थोड्या वेळाने नंदीच्या पांढऱ्या पाठीवर मूठभर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके दिसायला लागले. झटकायला हात नेला, तर ठिपके नजरेबरोबर सरकत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या लेकरांचा तान्हा पोळा उरकला आणि बुधवारी यवतमाळ गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आजच्या आज नागपूरला जा. नागपूरला कळलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) वरच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखी फट पडली आहे. पडदा अजून सुटलेला नाही, पण फटीतून थोडं रक्त डोळ्यात उतरलं आहे, त्यामुळे लेसर नीट पोचणार नाही. म्हणून बाहेरून गोठवून फट बंद करायची, म्हणजे क्रायो. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन दिलं. पेनासारखी दांडी डोळ्यावर टेकवून दाबायचे आणि आत एक गार कळ जायची. बर्फगोळा घाईने खाल्ल्यावर कपाळात जाते तशी. असं पाच-सहा वेळा. अर्ध्या तासात मोकळी, रात्री घरी.

पहिले तीन दिवस पापणी सुजून डोळा उघडतच नव्हता. पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगा धरल्यासारखं झालं होतं. शनिवारपर्यंत ते उतरलं, रविवारी तर मी भाकरी केल्या. काल सोमवारपासून मात्र वेगळंच सुरू झालं आहे. भुवईच्या आत खोलवर ठणका. खिडकी उघडली की घळाघळा पाणी. काळ्या बुबुळाच्या कडेने लालसर जांभळं कडं. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख रविवारी दिसत होती, ती आज दिसत नाही.

माझ्या कागदावर एक अँटिबायोटिक थेंब लिहिला आहे आणि दहा दिवसांनी दाखवा असं लिहिलं आहे. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कुणी बसून सांगितलं नाही. आज फोन केला, तर उचलणाऱ्या मुलीने सांगितलं, "सूज राहतेच मॅडम, तारखेला या." तारीख शनिवारची आहे. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. शेतात फवारणी सुरू आहे, गडी मिळत नाहीत, माझ्यासोबत यायचं म्हणजे यांचा आख्खा दिवस जातो. गावातल्या मेडिकलवाल्या भावाने एक बाटली दिली आहे, दोन दिवसांत सूज बसते म्हणतो. टाकू की नको? बाटली समोर ठेवून विचारते आहे.

---

वर्धाकाठ
मंगळवार, रात्री १०:०५

ताई, बाटली टाकू नका. आणि शनिवारची वाट पाहू नका. माझ्या आईचं क्रायो झालं होतं. तिचीही पापणी सुजली होती, पण ती रोज थोडी थोडी उतरत गेली. मधेच उलटी चढली नाही. तुमची चढली आहे.

---

निंबाची सावली
मंगळवार, रात्री १०:१२

पोरी, आमच्या इकडे डोळा आला की शेवग्याच्या पाल्याचा रस न मध टाकतात, गार पडते. गुलाबपाण्याची पट्टी ठेव. मी तीन लेकरं अशीच वाढवली. उजेडात जाऊ नको, डोक्यावरून पदर घे.

---

डोळेतपासनीस
मंगळवार, रात्री १०:२०

मावशी, पदर आणि गॉगल बरोबर आहे, पण डोळ्यात रस आणि मध नका सांगू. हा डोळा आलेला नाही. याच्यावर सहा दिवसांपूर्वी उपचार झाला आहे, आणि पाल्याच्या रसातून जंतू आत गेले तर त्याला सावरणं अवघड.

पाटीपुस्तक ताई, मी तालुक्याच्या गावी चष्म्याचे नंबर काढतो. तीन गोष्टी यांना वाचून इथे टाकायला सांगा. एक, मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटलीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलं आहे. त्यात डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं स्टेरॉईड आहे का? दोन, डावा डोळा झाकून उजव्याने दाराची चौकट पाहा. चारही बाजू दिसतात का, की एखाद्या बाजूने सावली किंवा पडदा आल्यासारखं वाटतं? तीन, डोळ्यातून चिकट पू येतो का?

---

पाटीपुस्तक
मंगळवार, रात्री १०:३४

बाटलीवर डेक्सामिथासोन आहे, सोबत एक अँटिबायोटिक. चौकट चारही बाजूंनी दिसते, पण धुक्यातून पाहिल्यासारखी. सावली नाही. पू नाही, नुसतं पाणी.

---

तुरीचं खळं
मंगळवार, रात्री १०:५१

ही डेक्सावाली बाटली पाहून राहवलं नाही म्हणून लिहितो. दोन हिवाळ्यांपूर्वी तूर काढताना माझ्या मोठ्या भावाच्या डोळ्यात तुरीचं फणकट लागलं. कचरा गेला असेल म्हणून मेडिकलमधून अशीच बाटली आणली. पहिले दोन दिवस इतका आराम पडला की तो पुन्हा कामाला लागला. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. बुरशी लागली होती, आणि स्टेरॉईडने तिला रान मोकळं करून दिलं. सेवाग्रामला नेलं, महिने गेले, डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला आणि नजर गेली. त्या बाटलीने लाली पळवली म्हणूनच आम्ही फसलो. ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे हे कळते, पण तपासल्याशिवाय नका टाकू, हात जोडतो.

---

काचबिंदू
मंगळवार, रात्री ११:२५

मी वर्धा जिल्ह्यात डोळ्यांचा डॉक्टर आहे. पडद्याच्या शस्त्रक्रिया मी करत नाही, पण त्या करून आलेले पेशंट रोज पाहतो. ताईंचा डोळा मी तपासलेला नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, हे आधी सांगतो. बाकीचं गाडीत वाचा.

क्रायोमध्ये नेमकं काय होतं ते समजलं की सूज का येते तेही समजेल. उणे सहाच्या वर नंबर असला की डोळा लांबट असतो आणि आतला पडदा कडेला ताणून पातळ झालेला असतो. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. तो वयाबरोबर आक्रसतो, पडद्यापासून सुटायला लागतो आणि जिथे घट्ट चिकटला असेल तिथे ओढ बसते. ती ओढ म्हणजे ताईंना दिसलेली वीज. ओढीने पडदा फाटला की फट पडते आणि त्या फटीतून पाणी पडद्यामागे शिरतं. पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरलं की गिलावा कसा सुटतो, अगदी तसंच. वीज आणि ठिपके घेऊन आलेली नालेच्या आकाराची फट तशीच सोडली, तर निम्म्याच्या आसपास डोळ्यांत पडदा सुटतो. वेळेत बंद केली तर फार थोड्यांत सुटतो. ताई तिसऱ्या दिवशी गेल्या, म्हणून डोळा हाती आहे.

फट बंद करायला दोन साधनं आहेत, लेसर आणि गोठवणी. लेसर म्हणजे उजेड. वाटेत रक्त किंवा पिकलेला मोतीबिंदू असेल तर तो पुढे जात नाही. थंडीला ती अडचण नाही. दांडीत नायट्रस ऑक्साइड गॅस दाबाखाली असतो. तो बारीक छिद्रातून सुटला की टोक उणे ६० ते ८० अंशांच्या आसपास जातं. ते टोक डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवतात आणि थंडी भिंतीतून आरपार पडद्यापर्यंत जाते. डॉक्टर डोक्यावरच्या दिव्यातून आत पाहत असतात. फटीच्या कडा पांढऱ्या झाल्या की पायडल सोडायचं, बर्फ वितळू द्यायचा, मग दांडी उचलायची. आधी उचलली तर डोळ्याचे थर ओढले जातात.

म्हणजे आपण मुद्दाम एक जखम करतो. ती भरताना जो व्रण तयार होतो तोच पडद्याला मागच्या थराशी चिकटवतो. हा व्रण पक्का व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. जखम भरायची तर सूज येणारच. क्रायोनंतर पापणी सुजणं, पांढरा भाग फुगणं, दोन-तीन दिवस ठणकणं, हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. लेसरपेक्षा क्रायोत हे जास्त होतं, कारण थंडी पडद्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेतले सगळे थर दुखावते.

पण काही डोळ्यांत ही सूज बाहेरून आत उतरते. गोठलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी डोळ्याच्या पाण्यात येतात. याला आम्ही युव्हिआयटिस म्हणतो. ज्यांनी जिनिंग पाहिलं आहे त्यांना सांगतो. टिनाच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगताना दिसतात, बाकी हवेत दिसत नाहीत. स्लिट लॅम्प म्हणजे डोळे तपासायचं दिवा-दुर्बिणीचं यंत्र, त्याच्या उजेडाची बारीक पट्टी टाकली की डोळ्याच्या पाण्यात तसेच कण तरंगताना दिसतात. ते किती आहेत, पुढच्या भागात आहेत की मागच्याही, यावर औषध ठरतं. हे टॉर्चने दिसत नाही, फोटोवरून कळत नाही, मेडिकलच्या काउंटरवरून तर नाहीच.

खोल ठणका, उजेड न सोसणं, बुबुळाभोवती जांभळं कडं, नजर धुकट होणं ही चारही त्याचीच लक्षणं आहेत. पण हीच लक्षणं आत जंतू शिरल्यावरही येतात. नुसत्या क्रायोत डोळ्याला छेद देत नाहीत म्हणून ते फार क्वचित होतं, तरी ते आधी नाकारावं लागतं. डोळ्याचं प्रेशर वाढलं तरी ठणका येतो. म्हणून तपासणीआधी स्टेरॉईड नको म्हणतो. युव्हिआयटिस निघाला तर स्टेरॉईडचेच थेंब देतील, कदाचित तासातासाला. तेव्हा स्टेरॉईड म्हणून घाबरू नका. बाटली तीच असेल, पण कोणत्या डोळ्यात, किती वेळा आणि किती दिवस, हे पाहणारा माणूस सोबत असेल.

फोनवर "तारखेला या" म्हणणं चुकीचं होतं, हे डॉक्टर म्हणूनच सांगतो. फोन उचलणाऱ्याने एवढंच विचारायला हवं होतं की कालपेक्षा आज कमी आहे की जास्त. सूज रोज उतरत असेल तर तारखेपर्यंत थांबता येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं वाढलं, नजर घटली, नवे ठिपके आले किंवा सावली आली, तर तारीख पाहायची नाही.

---

हिंगणघाटचा जावई
मंगळवार, रात्री ११:४०

ताई, पहाटेची नागपूर गाडी धरा, वडनेर-हिंगणघाट-जाम करत ती साडेनऊ-दहापर्यंत पोचवते. खिडकीची जागा नको, ऊन डोळ्यावर येते. मी उद्या नागपुरातच आहे, बुटीबोरीपासून दवाखान्यापर्यंत गाडी लागली तर इथे लिहा.

---

पाटीपुस्तक
बुधवार, रात्री ८:१५

गेलो, दाखवलं, परत आलो. डॉक्टर चांगले बोलले, कालच्या फोनबद्दल वाईट वाटलं म्हणाले. युव्हिआयटिसच आहे. पुढच्या पाण्यात पेशी आहेत, मागच्या जेलीतही आहेत. फट मात्र चारही बाजूंनी धरायला लागली आहे, पडदा जागेवर आहे. हे ऐकलं तेव्हा यांनी खुर्चीचा हात धरला. प्रेशर १४, म्हणजे ठीक. नजर ६/२४, म्हणजे चांगला डोळा जे अक्षर चोवीस मीटरवरून वाचतो ते मला सहा मीटरवरून दिसतं.

प्रेडनिसोलोनचे थेंब जागेपणी दर तासाला, आणि होमॅट्रोपिनचे दिवसातून तीनदा. दुसऱ्या थेंबाने बाहुली मोठी राहते, त्यामुळे जवळचं वाचता येत नाही आणि ऊन जास्त झोंबतं. मी विचारलं, आधीच उजेड सोसत नाही, मग बाहुली मोठी कशाला? तर म्हणाले, आतला स्नायू आखडलेला असतो म्हणून ठणका येतो, थेंबाने त्याला विसावा मिळतो. आणि सूज असताना बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून तिला हलती ठेवायची. चिकटली तर बाहुली वेडीवाकडी होते आणि प्रेशर चढायचा धोका राहतो.

---

डोळेतपासनीस
बुधवार, रात्री ८:४०

हायसं वाटलं. आता थेंब नीट टाकायचं पाहा. प्रेडनिसोलोनची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, औषध तळाशी बसतं. न हलवता टाकलं तर वरचं पाणीच जातं आणि लोक म्हणतात गुण येत नाही. एकच थेंब पुरे. टाकल्यावर डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांत पाच मिनिटं सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, महिना झाला की फेकून द्या. आणि होमॅट्रोपिन लेकरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

---

वर्धाकाठ
बुधवार, रात्री ८:५२

उन्हाळ्यात आमच्या घरी फ्रीज नव्हता, तेव्हा आईच्या बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून माठाला टेकवून ठेवायचो. पत्र्याखालच्या फळीवर नाही ठेवायच्या.

---

कपाशीवाला
गुरुवार, सकाळी ७:३०

माझं क्रायो दीड महिन्यापूर्वी झालं, सूज वगैरे काही आली नाही. फवारणीला जाऊ का? पंप पाठीवर घ्यावा लागते.

---

काचबिंदू
गुरुवार, दुपारी २:१०

भाऊ, दीड महिन्यानंतर व्रण पक्का असायला हवा, पण तुमच्या पडद्याच्या डॉक्टरांनी शेवटचं कधी पाहिलं ते महत्त्वाचं. पहिले दोन आठवडे वजन उचलणं, जोराचे धक्के आणि डोळ्यात उडेल असं कोणतंही काम नको असं मी सांगतो. पुढे फवारणी करा, पण बंद कडांचा चष्मा लावून आणि वाऱ्याच्या उलट तोंड न करता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नका. औषध डोळ्यात गेलंच तर दवाखान्याआधी स्वच्छ पाणी. पंधरा-वीस मिनिटं धुवायचं.

---

माय अन् शुगर
गुरुवार, रात्री ९:००

माझ्या सासूबाईंना शुगर आहे आणि त्यांनाही क्रायो सांगितलं आहे. सूज आली तर त्यांना स्टेरॉईड चालेल का? आणि एका डोळ्याची सूज दुसऱ्यात जाते का? शेजारच्या बाई तसं म्हणतात म्हणून सासूबाई तयारच होत नाहीत.

---

काचबिंदू
गुरुवार, रात्री १०:२०

थेंबांनी शुगरवर सहसा फार फरक पडत नाही. स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या तर शुगर चढते, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा.

दुसऱ्या डोळ्याबद्दल शेजारच्या बाई जे म्हणतात त्याला एक अगदी दुर्मीळ आजार कारण आहे. एका डोळ्याला जबर जखम किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या डोळ्यावर उलटते. क्रायोनंतर तो इतका क्वचित दिसतो की त्या भीतीपायी फट उघडी ठेवणं म्हणजे छप्पर गळेल म्हणून घरच न बांधण्यासारखं आहे. सासूबाईंना सांगा, साधी सूज एका डोळ्यातून दुसऱ्यात जात नाही. उपचारानंतर पुढे कधी चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा धुकट दिसायला लागलं, तर तेवढं मात्र लगेच दाखवायचं.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. ज्या दवाखान्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना चालते तिथे दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला विचारा, पडद्याचा कोणता उपचार योजनेत बसतो ते. उपचार उरकल्यावर विचारून उपयोग होत नाही.

---

पाटीपुस्तक
तीन आठवड्यांनी, रविवार

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते. चार दिवसांतच ठणका गेला होता. दहाव्या दिवशी खिडकी उघडून चहा घेतला. थेंब तासाला एक होते ते दोन तासांना झाले, मग दिवसातून सहा, मग चार. नजर ६/१२ आली.

काल तपासणीला गेले तर प्रेशर २८. मला काहीच जाणवत नव्हतं. ना दुखणं, ना लाली, उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळा हलका वाटत होता. डॉक्टर म्हणाले, काही माणसांच्या डोळ्याला स्टेरॉईडची अशी प्रतिक्रिया येते, दोन-तीन आठवड्यांनी प्रेशर चढतं. जास्त नंबर असलेल्यांमध्ये हे अधिक दिसतं. दमा आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर टिमोलॉलचे थेंब दिले. स्टेरॉईड एकदम बंद केलं नाही, सौम्य प्रकारचं दिलं आणि कमी करायचा तक्ता लिहून दिला. मला वाटलं होतं, प्रेशर वाढवते तर आजच फेकू. त्यांनी समजावलं की एकदम तोडलं तर दबलेली सूज उसळून येते.

मेडिकलची ती बाटली मी त्या रात्री टाकली असती आणि बरं वाटतं म्हणून महिनाभर टाकत राहिले असते, तर हे २८ कुणी मोजलं असतं? आमच्या गावात प्रेशर मोजायचं यंत्र नाही. हा विचार बसमध्ये परतताना डोक्यातून जाईना.

---

निंबाची सावली
रविवार, संध्याकाळी ६:४५

पोरी, जिवाला घोर लागला होता तुझा. मी आता कुणाच्याच डोळ्यात काही टाकायला सांगणार नाही, बाप्पा. पण हे सांग, तुझ्या लेकालेही चष्मा आहे का?

---

पाटीपुस्तक
रविवार, रात्री ८:०५

आहे मावशी, उणे २, दुसरीत आहे. त्याचाही पडदा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पाहायला सांगितलं आहे. माझ्या डाव्या डोळ्यात कडेला विरलेल्या कापडासारखे पातळ पट्टे आहेत, दिवाळीनंतर त्यांच्याभोवती लेसर करायचं ठरलं आहे. तिथे रक्त नाही, त्यामुळे या वेळी गोठवणी लागणार नाही.

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एकेक डोळा झाकून स्वयंपाकघराच्या दाराची चौकट पाहते. तीळ अजून आहेत, पण ओळखीचे झालेत. डॉक्टर म्हणाले त्यातले काही राहतील, नवीन आले तर सांगा.

---

बोरीचा पाटील
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०

सगळा धागा आत्ता वाचला. माझं वय ५७, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. परवापासून डाव्या डोळ्यात खालून सावली वर येऊन राहिली. पहिले काळे ठिपके होते, आठ दिवस झाले त्याले. पण दुखत काही नाही, लाल नाही, पाणी नाही. ताईंसारखं दुखत असतं तर गेलो असतो. सोयाबीन काढणं सुरू आहे. पुढच्या आठवड्यात दाखवलं तर चालते का?

---

काचबिंदू
दुपारी ३:२८

नाही चालत. पाटील, आत्ता निघा. पडदा सुटताना दुखत नाही, त्याला दुखण्याची जाणीवच नाही. ताईंना दुखलं ते सुजेमुळे. तुमची खालून येणारी सावली म्हणजे वरच्या बाजूचा पडदा सुटत असण्याची शक्यता आहे. मधली नजर अजून शाबूत असेल तर एकेक तास मोलाचा आहे. नजर झाकोळण्याआधी पोचलात तर ती वाचायची आशा खूप जास्त असते. गाडी स्वतः चालवू नका. भूल द्यावी लागेल, म्हणून तिकडे विचारून मगच काही खा.

---

पाटीपुस्तक
दुपारी ३:३१

काका, सोयाबीन राहू द्या. नागपूर जवळ पडते की सेवाग्राम ते सांगा, हे दोन्हीकडे फोन करून राहिले आहेत.

---

बोरीचा पाटील
दुपारी ४:०२

पुतण्याने गाडी काढली. निघालो.

---

बोरीचा पाटील
रात्री ९:१५

पुतण्या लिहून राहिला. काकांना भरती केलं. पडदा वरून सुटला आहे, मधला भाग अजून चिकटून आहे म्हणाले. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन काकांचं. काकांनी विचारायला सांगितलं, ऑपरेशननंतर डोळा सुजला तर कोणत्या दिवसापासून मोजायचं.

---

काचबिंदू
रात्री ९:२२

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज रात्री झोपायच्या आधी काकांना विचारा, कालपेक्षा कमी की जास्त, आणि एका कागदावर लिहीत जा. 'जास्त' लिहावं लागलं तर दवाखान्यातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांचा नंबर उद्याच मागून ठेवलेला असू द्या.